धर्माची गाय

दिवाळीच्या आधीची आवरासावर ही, माझ्या मते, वर्षातली सर्वांत मोठी नैतिक परीक्षा असते. एरवी आपण वस्तू वापरतो. त्या दोन-चार दिवसांत आपण त्यांचा न्याय करतो. माळ्यावरचे एकेक गाठोडे खाली येते आणि पाहता पाहता तीन ढीग तयार होतात : ठेवायचे, टाकायचे आणि कुणाला तरी देऊन टाकायचे. पहिल्या दोन ढिगांविषयी माझी फारशी तक्रार नाही. ठेवण्यामागे लोभ असतो, टाकण्यामागे कंटाळा असतो, आणि दोघेही आपला चेहरा लपवीत नाहीत. मला धास्ती वाटते ती तिसऱ्या ढिगाची. तिथे पुष्कळदा कंटाळाच औदार्याचे उपरणे पांघरून बसलेला असतो.

२०२५ च्या दिवाळीआधी आमच्या घरच्या या तिसऱ्या ढिगात माझा जुना लॅपटॉप जाऊन पडला. २०१४ साली घेतलेला. त्याची बिजागरी सैल झाली होती, काही कळांवरची अक्षरे पुसून गेली होती, आणि तो सुरू व्हायला इतका वेळ घेई की बटण दाबून मी चहा ठेवायला जात असे आणि पुष्कळदा चहाच आधी होत असे. मुलाने मला नवा लॅपटॉप आणून दिला होता. त्यातच, आवरासावरीच्या ऐन धांदलीत, १४ ऑक्टोबरचा दिवस आला. त्या दिवसापासून विंडोज १० या प्रणालीची नेहमीची देखभाल थांबली. नाव नोंदवणाऱ्यांसाठी आणखी वर्षभराची मुदत जाहीर झाली होती. पण पुढची विंडोज ११ चालायला ज्या जातीचा प्रोसेसर आणि जी सुरक्षेची सोय लागते, ती माझ्या यंत्रात नव्हती आणि येणारही नव्हती.

आता, २०१५ साली बाजारात आलेल्या एका प्रणालीची दहा वर्षे निगा राखली गेली, हे काही थोडे नव्हे. जन्मभर कोण कुणाला पुरतो? तरीही मनात एक प्रश्न घोळत राहिला. १३ तारखेला जे यंत्र कामाचे होते, त्यात काहीही न बिघडता ते १४ तारखेला जुने कसे झाले? मग माझे मलाच हसू आले. मी स्वतः एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो, आणि एका ३१ मेच्या संध्याकाळी साडेपाच वाजता असाच जुना झालो होतो. त्या दिवशीही माझ्यात काही बिघडले नव्हते.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींची मुलगी त्याच वर्षी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला गेली होती. घरात मोबाइल एकच. त्यावर ती टिपणे वाची, आणि आई कामावर निघाली की मोबाइलबरोबर मुलीचा अभ्यासही कामावर जाई. मी मावशींना म्हणालो, "मावशी, तो लॅपटॉप मुलीला घेऊन जा. दिवाळीची भेट समजा." मावशींचा चेहरा उजळला. मलाही फार बरे वाटले. खरे म्हणजे इतके बरे वाटले की तेवढ्यावरूनच मला शंका यायला हवी होती.

ती आली माझ्या पत्नीला. रात्री जेवताना तिने सहज विचारले, "चालतो का तो?"

"चालतो की. जरा वेळ घेतो इतकंच."

"मग तुम्ही का सोडलात?"

मी आमटीत लक्ष घातले. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "देताय, की घरातून काढताय?"

आपल्याकडे एक जुनी म्हण आहे : धर्माचे गाई, आणि दात का गे नाही? फुकट मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत, मिळाले ते मुकाट्याने घ्यावे, असा तिचा अर्थ. म्हण मोठी चतुर आहे. पण ती कुणी रचली असावी याचा विचार केला की ती जरा कडवट लागते. ती देणाऱ्याच्या ओसरीवर जन्मली असणार, गोठ्याबाहेर उभ्या राहिलेल्या घेणाऱ्याच्या तोंडी ती आपणहून आली नसणार. घेणाऱ्याला गप्प बसवणारी म्हण आपल्यापाशी आहे; देणाऱ्याला गप्प बसवणारी मला तरी चटकन आठवेना.

म्हण आठवेना, पण गोष्ट आठवली. कठोपनिषदाच्या आरंभी एक यज्ञ आहे. सर्वस्व दान करण्याचा तो यज्ञ, आणि नचिकेत्याचे वडील दान देत आहेत गाईंचे. त्या गाई कशा? ज्यांचे पाणी पिऊन झाले, गवत खाऊन झाले, दूध देऊन झाले अशा. कुणी ब्राह्मण तक्रार करीत नाही. घेणाऱ्यांना ती म्हण पाठच असावी. दात मोजतो तो घरातलाच पोर. तो वडिलांना विचारतो, "मग मला कुणाला देणार?" पुढची मृत्यूच्या दारची कथा सर्वांना ठाऊक आहे, आणि तिच्यातल्या तत्त्वज्ञानापुढे या भाकड गाई आपण विसरून जातो. मला मात्र वाटते की त्या मुलाला जे कळले त्याचा आरंभ त्या गाईंपाशीच आहे. दानाची परीक्षा देणाऱ्याच्याच घरात, देण्याआधी व्हायला हवी, हे त्याला कळले होते.

या बाबतीत माझ्याइतका अनुभवी माणूस सापडणे कठीण. तीस वर्षे मी लोकांच्या तिसऱ्या ढिगाचा स्वीकार करीत आलो. घर बदलले, वडील वारले, कपाट विकले, की लोक ग्रंथालयाला पुस्तके भेट द्यायला येत. त्यात रद्द झालेल्या अभ्यासक्रमांची गाइडे असत, पहिले आणि शेवटचे पान नसलेल्या कादंबऱ्या असत, एकदा तर सबंध पोतेभर जुन्या रेल्वे वेळापत्रकांची भेट आली होती. मी प्रत्येकाला आभाराचे पत्र पाठवीत असे. आणि आता मी तसलेच एक वेळापत्रक मावशींच्या हातात ठेवायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन मी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाने तो उघडला, फुंकर मारली आणि निदान सांगितले, "काका, मशीन ठणठणीत आहे. आतली फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, रॅम चारची आठ करा, आणि लिनक्स घाला. पळेल." डिस्क आणि रॅम यांना पैसे पडले. ते पडले हे बरेच झाले. ज्यात आपले काहीच गेले नाही त्याला दान म्हणायला जीभ कचरते. लिनक्सला मात्र पैसे पडायचे नव्हते, आणि नेमका तोच भाग मला सर्वांत महाग वाटू लागला.

यंत्र चालू केल्यापासून बंद करीपर्यंत त्याचा सारा प्रपंच सांभाळते ती ऑपरेटिंग सिस्टिम. बहुतेक लोकांना ती यंत्राबरोबरच मिळते, आणि तिच्या आत काय आहे हे पाहण्याची मुभा नसते. १९८३ साली अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केले की आपण अशी प्रणाली लिहिणार की जी कुणीही चालवावी, आत डोकावून पाहावी, हवी तशी बदलावी आणि दुसऱ्याला द्यावी. तिचे नाव ग्नू. पुढे १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, लिनस टॉरवाल्ड्स याने, आपण छंद म्हणून एक छोटी प्रणाली लिहीत असल्याचे इतरांना कळवले. त्याने लिहिला तो गाभा, आणि स्टॉलमन यांच्या बाजूची हत्यारे तयारच होती. दोन्ही जुळली. १९९२ साली त्या गाभ्यालाही ग्नूचाच परवाना लागू झाला. त्या परवान्याची मुख्य अट मला फार आवडली. तुला जे स्वातंत्र्य मिळाले, ते पुढे देताना त्यात काही कमी करू नकोस, एवढीच ती अट. आपल्याकडे ऋषिऋण म्हणून एक कल्पना आहे. हे ऋण ऋषींना काही परत देऊन फिटत नाही. शिकून आणि पुढे शिकवून फिटते. त्या परवान्याचे कलम वाचताना मला या जुन्या ऋणाची आठवण झाली.

इंग्रजीत या सगळ्याला जो शब्द आहे, त्याचे फुकट आणि मुक्त असे दोन्ही अर्थ होतात, आणि त्या दोन अर्थांची गल्लत टाळता टाळता त्या मंडळींची दमछाक होते. मराठीत ही अडचण नाही. फुकट आणि मुक्त हे आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत. फुकट म्हटले की आपण हात पुढे करतो, मुक्त म्हटले की मान वर करतो.

पण स्वातंत्र्य आले की निवड आली, आणि निवड आली की झोप गेली. लिनक्स एक नव्हे. उबुंटू आहे, मिंट आहे, फेडोरा आहे, आणखी शेकड्यांनी आहेत. आणि प्रत्येकाचा पुरस्कर्ता आपल्या कुलदैवताविषयी बोलावे तसे बोलतो. चार दिवस मी नुसता तुलना करीत बसलो. शेवटी डेबियन घेतले. १९९३ साली इयान मरडॉक या विद्यार्थ्याने ते सुरू केले आणि आपले व आपल्या मैत्रिणीचे नाव जोडून त्याला नाव दिले. त्याच्यामागे कंपनी नाही. जगभर विखुरलेले सुमारे हजार स्वयंसेवक ते सांभाळतात. त्याच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या चित्रपटमालेतील खेळण्यांची नावे असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये जी तेरावी आवृत्ती आली ती ट्रिक्सी, म्हणजे त्यातली निळी डायनोसॉरीण. ज्यांना टाकून दिले जाण्याची सदैव भीती, अशा खेळण्यांची ती नावे जुन्या यंत्राला शोभणारीच होती. दर्शनी भागासाठी मी एक्सएफसीई हा हलका बाज निवडला. त्याचे चिन्ह उंदीर आहे. थोडक्यात भागवणारा आणि चपळ.

मग एका रविवारी सकाळी स्नान करून बसलो. उतरवून घेतलेली फाइल वाटेत बिघडलेली नाही ना, हे पाहण्यासाठी तिची एकशे अठ्ठावीस अंकाक्षरांची खूण काढून मूळ खुणेशी ताडून पाहायची असते. नुसती नजर टाकून चालले असते, पण मी ती बोट ठेवून अक्षरागणिक वाचली; जन्मभराची सवय. पेनड्राइव्ह लावला. न बसवताही ती प्रणाली त्यावरून चालवून पाहता येते, तशी पाहिली. वाय-फाय लागले, आवाज आला, पडदा स्वच्छ दिसला. बसवायला घेतले तेव्हा भाषांच्या यादीत 'मराठी' दिसली. ज्याला कधी पाहिले नाही अशा कुणीतरी बसून 'पुढे चालू ठेवा' यासारखी शेकडो वाक्ये माझ्यासाठी मराठीत करून ठेवली होती. मला त्याचे नाव ठाऊक नव्हते, त्याला माझे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. हे दान डाव्या हातालाच काय, उजव्या हातालाही कळलेले नव्हते.

पाऊण तासात सारे झाले. मी बटण दाबले आणि चहा ठेवायला उठलो. गॅस पेटण्याआधी यंत्र सज्ज होते. त्यावर मी आठवडाभर स्वतः काम केले. पत्र लिहिले, वीजबिल भरले, नातवाशी बोललो. गाय दूध देत होती. नचिकेताही आता काही बोलणार नाही, अशा खात्रीने मी मावशींच्या मुलीला बोलावून घेतले.

ती आली, खुर्चीच्या कडेवर बसली. मी तिला सगळे दाखवले, आणि कबूल केले पाहिजे, दाखवण्यापेक्षा ऐकवले जास्त. स्टॉलमन ऐकवला, हेलसिंकी ऐकवली, स्वातंत्र्य ऐकवले. ती मान डोलवीत होती. माझे संपल्यावर तिने विचारले, "काका, तुमच्या नवीन लॅपटॉपवर पण हेच आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "त्यावर विंडोज आहे."

"हं," ती म्हणाली. मग थोडे थांबून, "आमच्या क्लासमध्ये हिशेबाचं जे सॉफ्टवेअर शिकवतात, ते यावर चालेल?"

ते चालणार नव्हते. त्याला विंडोज लागत होते. तसे मी सांगितले.

"राहू दे काका, चालेल. नोट्ससाठी होईल," ती म्हणाली आणि झाकण हलकेच मिटले.

खरे सांगतो, त्या क्षणी मला राग आला. पदरचे पैसे घातले, दोन आठवडे खपलो, आणि या पोरीला त्याचे काही नाही! आणि मग माझ्या ध्यानात आले की माझ्या ओठांवर अगदी तीच म्हण येऊन थांबली आहे : धर्माचे गाई, आणि दात का गे नाही? तिने तर दात मोजलेही नव्हते. उलट, ती म्हण तिने इतकी छान पाळली की दिसलेली फट तिने स्वतःच झाकून घेतली. मोजणी केली असेल तर ती त्या पहिल्या प्रश्नाने, आणि तो प्रश्न अगदी निरागस होता. जे तत्त्व इतके थोर, ते गरिबाच्या जुन्या यंत्रावर आणि माझ्या नव्या यंत्रावर नाही, हे कसे? साधेपणाचे मोठेपण आपण नेहमी दुसऱ्याच्याच घरात का मांडतो?

ती गेल्यावर मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. एक मन म्हणे, एका कंपनीच्या वस्तूला बांधलेले शिक्षण तिने का घ्यावे? ते मन चूक बोलत नव्हते. पण दुसरे मन म्हणे, त्या वर्गाच्या प्रमाणपत्रावर तिला उद्या एखाद्या पेढीवर काम मिळायचे आहे. तुझ्या तत्त्वाची किंमत तिच्या पहिल्या पगारातून का वळती करतोस?

या वादात मला डेबियनच्याच इतिहासातली एक गोष्ट उपयोगी पडली. १९९७ साली या मंडळींनी आपली एक सामाजिक सनद लिहिली, आणि तिच्यात आपली बांधिलकी दोघांशी असल्याचे म्हटले : वापरणाऱ्यांशी आणि मुक्त सॉफ्टवेअरशी. ही दोन दैवते पुष्कळदा एकमेकांकडे पाठ करून बसत. लॅपटॉपमधली वाय-फायची चिप चालायला निर्मात्याकडून आलेला एक बंद तुकडा लागतो. तो मुक्त नाही, म्हणून डेबियन आपल्या अधिकृत संचात तो ठेवीत नसे. तत्त्व शुद्ध राही, आणि साधा माणूस इंटरनेटवाचून खोळंबून बसे. अखेर २०२२ साली त्यांनी मतदान घेतले, सनदेत दुरुस्ती केली, आणि २०२३ साली आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून तो बंद तुकडा संचात येऊ लागला. यंत्राला गरज असेल तेव्हाच तो बसतो, आणि नको असेल त्याला नाकारता येतो. त्या रविवारी माझे वाय-फाय पहिल्या फटक्यात लागले ते या तडजोडीमुळे. मी शुद्धतेचा अभिमान धरून बसलो होतो, आणि माझ्या हातातली वस्तू मात्र तत्त्वाला थोडी मुरड घालूनच माझ्यापर्यंत पोहोचली होती. ज्यांनी पंचवीस वर्षे ते तत्त्व सांभाळले त्यांना ते दुसऱ्यासाठी वाकवता आले. मी तर दोनच आठवड्यांचा भक्त.

मी तिला पुन्हा बोलावले, आणि या खेपेस काही ऐकवले नाही. "तुला काय हवं?" एवढेच विचारले. हा प्रश्न मी पहिल्यांदाच विचारायला हवा होता.

तिने क्षणभरही विचार केला नाही. "दोन्ही ठेवता येईल का, काका?"

येत होते. एका डिस्कचे दोन भाग करून एकात जुने विंडोज आणि एकात डेबियन नांदवता येते. जुन्या डिस्कवरचे विंडोज दुकानातल्या मुलाने नव्या डिस्कवर आणून दिले. माझी खाजगी कागदपत्रे आधी काढून घेतली. बाकीच्या जागेत मी डेबियन पुन्हा बसवले. विंडोजवर फक्त हिशेब शिकायचा, त्याला इंटरनेट जोडायचे नाही. बाहेरच्या जगात जायचे ते डेबियनच्या दाराने, असे ठरले. आता यंत्र सुरू झाले की पडद्यावर दोन नावे येतात आणि यंत्र काही सेकंद थांबून राहते. कुणीकडे जायचे ते ती ठरवते. ती काही ठरवण्याइतकी मोठी झाली आहे, हे मान्य करायला मला तेवढ्या सेकंदांपेक्षा बराच जास्त वेळ लागला होता.

निघताना तिने आणखी एक विचारले, "बंद पडला तर?" "मला फोन कर," मी म्हणालो. गाय दिली की दावे आपल्या हातातून सुटते. पण तिच्या आजारपणात गोठ्याशी जाणे सुटत नाही, हे मला आता उमगले आहे. तिचे तीन-चार फोन आले. एकदा प्रिंटरसाठी मी तिच्या घरी गेलो, आणि तिच्या हातचा चहा पिऊन आलो. माझ्या नव्या लॅपटॉपवरही मी त्याच महिन्यात डेबियन बसवले. हा लेख त्यावरच लिहीत आहे. त्यात त्यागाचा भाग काही नाही. तिच्या त्या पहिल्या प्रश्नाला पुन्हा उत्तर द्यायची वेळ आलीच, तर ते खाली मान घालून द्यावे लागू नये, इतकेच.

मागे एकदा ती काहीतरी अडले म्हणून लॅपटॉप घेऊन आली होती. पडद्यावर हिशेबाचा एक तक्ता उघडा होता. तिने आपल्या आईच्या कामांचा हिशेब मांडला होता. पाच घरे, महिन्याचा पगार, खाडे, मिळालेले पैसे, आणि शेवटच्या रकान्यात बाकी. वर नावे लिहिली नव्हती, नुसत्या इमारतींच्या खुणा होत्या. पण आमची इमारत मी ओळखली. तिच्यापुढे 'बाकी' या रकान्यात चारशे रुपये होते. मावशी तापाने चार दिवस आल्या नव्हत्या, तेव्हा आम्ही पगारातून वळते केलेले.

तिच्या लक्षात आले तसे तिने घाईघाईने पान खाली सरकवले. "राहू दे," मी म्हणालो, "मोजलेस ते बरे केलेस." आणि पैशांचे पाकीट कुठे ठेवले आहे ते विचारायला मी आत पत्नीकडे गेलो.